मनगटाच्या फोटोवरून वय कळते का?

माणसाचे वय किती, हा प्रश्न बहुतेक घरांत ट्रंकेतल्या एका कागदाने सुटतो. ज्याच्यापाशी तो कागद नाही, किंवा असूनही कोणी मानायला तयार नाही, त्याचे काय? अशा वेळी पोलीस आणि न्यायालय डॉक्टरांकडे वळतात. आपल्याकडे एक्स-रेला 'फोटो' म्हणायची पद्धत आहे आणि फोटो खोटे बोलत नाही असा समजही आहे. त्यामुळे 'हाडांचा फोटो काढला, वय एकोणीस निघाले' असे कानावर पडले की पुढे कोणी प्रश्न विचारीत नाही. हाडे वयाबद्दल नेमके काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे आज पाहू. त्यासाठी उदाहरण घेऊ ते ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगांत अडकलेल्या इंडोनेशियन मुलांचे. एकाच चाचणीवर विसंबून राहिल्याने काय होते, ते तिथे फार स्पष्ट दिसले.

बोटीवरची मुले

२००८ च्या अखेरीपासून पुढची तीनेक वर्षे इंडोनेशियाच्या किनाऱ्यावरून लाकडी मच्छीमार बोटी मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाकडे निघत होत्या. बोटीत आश्रय मागणारी माणसे असत. अफगाण, इराकी, इराणी, श्रीलंकन. ही माणसे दलालांना पैसे मोजत. दलाल स्वतः सहसा बोटीवर चढत नसत. सुकाणू धरायला, इंजिनाकडे बघायला, भात शिजवायला ते रोटेसारख्या बेटांवरची कोळ्यांची गरीब मुले आणि माणसे घेत. थोड्या दिवसांच्या कामाचे बरे पैसे मिळतील एवढेच त्यांना ठाऊक असे. कुठे जायचे आहे हेही काहींना सांगितलेले नसे. आपल्या किनारपट्टीवरच्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली पालघर जिल्ह्यातली माणसे कराचीच्या तुरुंगात अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

ऑस्ट्रेलियाचा कायदा कडक होता. पाच किंवा अधिक माणसांना असे चोरून आणणाऱ्या प्रौढाला किमान पाच वर्षांची शिक्षा, आणि त्यातली निदान तीन वर्षे सुटका नाही. न्यायाधीशाला दया आली तरी त्याहून कमी शिक्षा देता येत नव्हती. अठरा वर्षांखालील आरोपीला मात्र ही सक्ती लागू नव्हती आणि अशा मुलांना साधारणपणे घरी परत पाठवले जाई. थोडक्यात, अठराव्या वाढदिवसाच्या अलीकडे गाव आणि पलीकडे प्रौढ कैद्यांचा कडक बंदोबस्ताचा तुरुंग, अशी स्थिती होती.

'मी अठराचा नाही' असे सांगणारे १८० तरुण इंडोनेशियन या काळात तिथे पोहोचले. ते खरे सांगतात की सुटकेसाठी खोटे, हे अधिकाऱ्यांना ठरवायचे होते. गावांत जन्माची नोंद नसायची. कित्येकांना जन्मतारीखच ठाऊक नव्हती. मग ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने २००१ पासून मान्य केलेला सोपा मार्ग वापरला गेला: डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक एक्स-रे.

मनगटात काय दिसते

जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे पाहिला तर तिथे मोकळी जागा दिसते. मनगटाची आठ लहान हाडे तेव्हा कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या मऊ पदार्थाची असतात आणि एक्स-रेमध्ये कूर्चा उमटत नाही. पुढे एकेका हाडात चुना साठतो आणि ती ठराविक क्रमाने दिसू लागतात. पहिली दोन काही महिन्यांतच, तर वाटाण्याएवढे शेवटचे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. हा क्रम बहुतेक मुलांत सारखा असतो, वेळ मात्र सारखी नसते.

हाताच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची पातळ पट्टी असते. हाड लांबीने वाढते ते तिथून. एक्स-रेमध्ये ही पट्टी काळ्या रेघेसारखी दिसते. मूल वयात आले की पट्टी हळूहळू बुजते, टोक मुख्य हाडाला जुळते आणि वाढ थांबते. मनगटाशी असलेले अंगठ्याच्या बाजूचे लांब हाड यात सर्वांत शेवटी जुळते. मुलींमध्ये हे सगळे मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी होते.

हे ओळखण्यासाठी डॉक्टर एक चित्रसंग्रह वापरतात. ग्रॉयलिक आणि पाइल या दोन अमेरिकन संशोधकांनी तो १९५० साली प्रसिद्ध केला आणि १९५९ मध्ये सुधारून काढला. त्यातले एक्स-रे प्रामुख्याने १९३० च्या दशकात ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात घेतलेले आहेत. मुले खात्यापित्या घरची, गोऱ्या वर्णाची. एका वयाच्या शंभर मुलांचे फोटो घ्यायचे, त्यांतला मधला निवडायचा आणि तो त्या वयाचा नमुना म्हणून छापायचा, अशी पद्धत. आपल्यापुढचा एक्स-रे ज्या चित्राशी जुळेल ते त्या मुलाचे 'हाडांचे वय'.

हा संग्रह आजही दवाखान्यांत कामाला येतो आणि तो चांगला आहे, याबद्दल शंका नको. दहा वर्षांच्या मुलाची उंची वाढत नाही म्हणून आईवडील त्याला घेऊन येतात. फोटोत हाडांचे वय सात निघते. मग थायरॉइड ग्रंथी मंद आहे का, वाढीचे संप्रेरक कमी पडते का, याचा शोध सुरू होतो. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलाचे खरे वय आपल्याला आधीच माहीत असते. ते दहा आहे म्हणूनच सात या आकड्याला अर्थ येतो. आणि निरोगी मुलाची हाडे वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षेही मागेपुढे असली तरी आम्ही 'काही नाही, घरी जा' असे सांगतो.

न्यायालयात हाच हिशेब उलटा मांडला जातो. तिथे खरे वय माहीत नसते आणि हाडांवरून ते काढायचे असते. दवाखान्यात जी दोन वर्षे आम्ही सहज सोडून देतो, त्याच दोन वर्षांवर तिथे एखाद्याची तीन वर्षांची कैद उभी राहते. संग्रह तयार करणाऱ्यांनी तो अनोळखी माणसाचे वय ठरवण्यासाठी केलेला नव्हता.

शेवटच्या पानाचा घोळ

आता मुख्य मुद्दा. या संग्रहात मुलग्यांचे शेवटचे चित्र एकोणीस वर्षांचे आहे. त्यात सगळी हाडे जुळलेली आहेत. त्यापुढे चित्र नाही, कारण पुढे बदलच होत नाही. एखाद्या मुलाचे मनगट पूर्ण जुळलेले असेल तर ते शेवटच्या चित्राशीच जुळणार. मग अहवालात लिहिले जाते: हाडांचे वय एकोणीस. ऑस्ट्रेलियात अनेक खटल्यांत असेच झाले. 'एकोणीस' हा आकडा ऐकून पोलिसांनी आणि न्यायालयांनी त्याचा अर्थ 'अठराच्या वर' असा घेतला.

पण डेपोत उभी असलेली एस.टी. पाहून ती आत्ता आली की काल रात्री आली, हे सांगता येते का? मनगट जुळलेले आहे एवढेच फोटो सांगतो. ते कधी जुळले ते सांगत नाही. चाळिशीच्या माणसाचे मनगटही त्याच शेवटच्या चित्राशी जुळेल आणि सतरा वर्षांच्या कित्येक मुलांचेही.

किती मुलांचे? यासाठी थोडे गणित करावे लागेल. मनगट पूर्ण जुळण्याचे सरासरी वय साडेसतरा धरू आणि मुलामुलांतला नेहमीचा फरक सव्वा वर्षाचा धरू. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण वास्तवापासून दूर नाहीत. या हिशेबाने सतरावा वाढदिवस असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे चौतीस जणांची मनगटे आधीच जुळलेली असतील. म्हणजे प्रत्येक तिघांतला एक. सोळाव्या वाढदिवशीसुद्धा दहाबारा जणांची जुळलेली असतील. या सगळ्यांच्या अहवालावर 'एकोणीस' हाच आकडा येईल.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो काढून पाहावा. मागच्या रांगेत मिसरूड फुटलेला, मास्तरांएवढा उंच मुलगा दिसेल. पुढच्या रांगेत ज्याचा आवाजही फुटलेला नाही असा एक असेल. दोघांच्या वयात कदाचित चार महिन्यांचा फरक असेल. हाडांतही असाच फरक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपल्याला तो नाही असे वाटते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक टिम कोल यांनी ऑस्ट्रेलियातल्या चौकशीत हीच बाब मांडली. क्ष-किरण शास्त्र जाणणाऱ्याला हाड जुळले की नाही हे उत्तम कळते. त्यावरून वयाची शक्यता किती, हा मात्र संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. न्यायालयात साक्ष देताना या दोन विद्यांची सरमिसळ झाली आणि तिची किंमत मुलांनी मोजली.

वाचक विचारतील, गरिबाघरची, अर्धपोटी मुले तर उशिरा वाढतात, मग चूक त्यांच्या फायद्याचीच व्हायला हवी. हे काही अंशी खरे आहे. कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते, आणि क्लीव्हलँडच्या सुखवस्तू मुलांशी तुलना केली तर कोळ्याचा मुलगा असेल त्याहून लहान दिसू शकतो. पण ही सरासरीची गोष्ट झाली. न्यायालयापुढे सरासरी उभी नसते, एक मुलगा उभा असतो, आणि तो लवकर वयात येणाऱ्यांपैकी असू शकतो. लवकर वयात येणे हे प्रत्येक समाजात, प्रत्येक गावात असते.

दात आणि हंसळी

मनगट पुरेसे नाही म्हटल्यावर दुसऱ्या जागा सुचवल्या जातात. अक्कलदाढेची मुळे पूर्ण व्हायला मनगटापेक्षा अधिक वर्षे लागतात, म्हणून ती थोडी बरी खूण आहे. पण तिचा पसारा मोठा: कोणाची सोळा-सतराला पूर्ण, कोणाची बाविशी उलटल्यावर, आणि काहींना अक्कलदाढ येतच नाही. गळ्याखालच्या हंसळीच्या हाडाचे आतले टोक शरीरात सर्वांत शेवटी जुळते, साधारण पंचविशीच्या आतबाहेर. ते पूर्ण जुळलेले दिसले तर माणूस अठराच्या वर आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. ते नीट पाहायला मात्र सीटी स्कॅन लागतो आणि त्यात किरणांचा मारा मनगटाच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी अधिक असतो. मनगटाच्या फोटोत तो अगदी नगण्य असतो, हेही सांगायला हवे. तरीही आजार नसताना, त्या व्यक्तीला आरोग्याचा कोणताही लाभ नसताना, केवळ खटल्यासाठी किरण द्यावेत का, हा प्रश्न डॉक्टरांना पडलाच पाहिजे. परक्या देशात, दुभाष्याच्या तोंडून बोलणाऱ्या आणि कोठडीत असलेल्या मुलाची संमती ही कितपत खरी संमती, हा दुसरा प्रश्न.

एमआरआयमध्ये किरण नसतात, म्हणून युरोपात त्याचे प्रयोग झाले. चुकीचे प्रमाण त्याने घटते, संपत नाही. निसर्गाने अठरा ही संख्या हाडांत कोरलेली नाही. ती विधिमंडळांनी ठरवली आहे.

पुढे काय झाले

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बालरोग आणि क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनांनी सरकारला लिहून कळवले की या कामासाठी मनगटाचा एक्स-रे भरवशाचा नाही. तिथल्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष कॅथरीन ब्रॅन्सन यांनी चौकशी हाती घेतली. दरम्यान वकील इंडोनेशियातल्या गावांत जाऊन आले. आईवडिलांचे जबाब, शाळेचे दाखले, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी असे जे मिळेल ते त्यांनी आणले. २०१२ मध्ये सरकारने २८ जणांच्या शिक्षा पुन्हा तपासल्या आणि आगमनाच्या वेळी त्यांचे वय अठराच्या वर होते याची खात्री नाही म्हणून १५ जणांना मुदतीआधी सोडले. त्याच वर्षी जुलैत आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला. मनगटाचा एक्स-रे वयाचा पुरावा म्हणून वापरूच नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

सुटले म्हणजे निर्दोष ठरले असे नव्हे. दोषी असल्याचा शिक्का कायमच होता. २०१७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अपील न्यायालयाने अशा एका तरुणाची शिक्षा रद्द केली; पकडला गेला तेव्हा तो चौदाच्या आसपासचा होता आणि एक्स-रेने त्याला एकोणिसाचा ठरवले होते. २०२२ मध्ये आणखी सहा जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. पुढे सामूहिक दाव्यात सरकारने २ कोटी ७५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. ही तडजोड २०२४ पर्यंत झाली. ज्या वर्षांत मुलगा शाळा संपवतो, बापाच्या बोटीवर उमेदवारी करतो, ती वर्षे प्रौढ गुन्हेगारांच्या कोठडीत गेली होती.

आपल्याकडे

आपल्या न्यायालयांना हाडांच्या चाचणीच्या मर्यादा जुन्या काळापासून ठाऊक आहेत. १९८२ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या जयमाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक असू शकते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी. हा क्रम शहाणपणाचा आहे.

पण कागद म्हणजे ब्रह्मवाक्य असेही नाही. आपल्या कोणत्याही गावातल्या शाळेचे जुने रजिस्टर उघडा. पानामागून पान जन्मतारीख १ जून. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, याचे कारण सर्वांना माहीत आहे: पोराला शाळेत घालताना आईला पाऊस आठवत होता, दुष्काळ आठवत होता, तारीख आठवत नव्हती, गुरुजींनी पहिलीत बसेल अशी तारीख घातली. रोटे बेटावरच्या मुलाला आपली जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून तो खोटारडा ठरला. त्या न्यायाने आपल्याकडची एक अख्खी पिढी खोटारडी ठरेल.

परदेशी कैद्याच्या वयाचा प्रश्न महाराष्ट्रातही एकदा गाजला. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यात २००९ साली अजमल कसाबच्या वकिलांनी तो अल्पवयीन असल्याचे सांगितले. विशेष न्यायालयाने वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला. डॉक्टरांनी त्याचे वय विसाच्या वर असल्याचे मत दिले आणि न्यायालयाने तो अल्पवयीन नसल्याचा निर्णय दिला. त्याने आधीच्या जबानीत सांगितलेले जन्मसालही १९८७ होते. म्हणजे वैद्यकीय मत आणि दुसरा पुरावा एकाच दिशेने जात होते, आणि सांगितलेले वय रेषेपासून बरेच पलीकडे होते. अशा ठिकाणी वैद्यकीय तपासणीचा उपयोग होतो. एकाच हाडावर भिस्त ठेवून सोळा ते वीस या पट्ट्यात अठराची रेघ ओढायला गेले की ती कोलमडते. आणि वादाची प्रकरणे नेमकी याच पट्ट्यातली असतात. आणखी एक गोष्ट विसरली जाते. कायद्याला गुन्ह्याच्या दिवशीचे वय हवे असते, फोटो मात्र काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काढलेला असतो. तेवढे महिने वजा करावे लागतात.

तालुक्याच्या रुग्णालयातही पोलीस असे पत्र घेऊन येतात. घरून पळून गेलेली मुलगी, वीटभट्टीवर सापडलेला मुलगा, चोरीत पकडलेला पोरगा. आपल्या घरातल्या कोणावर अशी वेळ आली तर आधी कागद शोधावेत: जन्मनोंद, अंगणवाडीचे रजिस्टर, लसीकरणाचे कार्ड, धाकट्या-थोरल्या भावंडांचे दाखले. भावंडांच्या तारखांत किमान अंतर असावेच लागते, त्यावरूनही वय पडताळता येते. चाचणी झालीच तर अहवालाची प्रत मागावी आणि त्यात एकच आकडा लिहिला आहे की 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असे लिहिले आहे, ते पाहावे. एकच आकडा असेल तर वकिलामार्फत डॉक्टरांना विचारावे की यात चूक किती वर्षांची असू शकते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. मनगट पूर्ण जुळलेले दिसले तर 'वय एकोणीस' असे लिहू नये. 'मनगटाच्या हाडांची वाढ पूर्ण झाली आहे. अशी स्थिती सोळा-सतरा वर्षांच्या निरोगी मुलातही आढळते. केवळ या तपासणीवरून अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत किंवा नाहीत, हे सांगता येत नाही,' असे लिहावे. पोलीस शिपाई कदाचित कुरकुर करील, कारण त्याला साहेबांपुढे आकडा न्यायचा असतो. त्याला चहा पाजावा आणि तोच कागद त्याच्या हातात द्यावा.

(पुढील आठवड्यात: मुलांची उंची आणि बाजारातली टॉनिके)